सरकी काढण्याचे यंत्र आले, तरी राबणारे हात का वाढले?

धागाकर्ता: विलंबित

शाळेतल्या औद्योगिक क्रांतीच्या धड्यात एली व्हिटनीचे नाव एका ओळीत येऊन जात असे. त्याने कापसातून सरकी वेगळी करणारे जिन तयार केले आणि उत्पादन वाढले, एवढेच तिथे सांगितलेले असे. पुढे अमेरिकेच्या जनगणनेचे जुने आकडे चाळताना त्या ओळीत काय राहून गेले होते, ते लक्षात आले. १७९० मध्ये त्या देशात सुमारे ७ लाख गुलाम होते आणि १८६० मध्ये त्यांची संख्या साडेएकोणचाळीस लाखांवर गेली होती. याच सत्तर वर्षांत कापसाचे पीक वर्षाला जेमतेम ३ हजार गासड्यांवरून ३८ लाखांहून अधिक गासड्यांवर पोचले. श्रम वाचवणारे यंत्र आले की माणसे कमी लागतात, या आपल्या समजुतीला हे आकडे सरळ छेद देतात. असे का झाले, हे माझ्या वाचनातून जसे उमगले तसे मांडतो. चूकभूल द्यावी घ्यावी.

सुरुवात कापसाच्या जातीपासून करावी लागेल. अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या बेटांवर लांब धाग्याचा, काळ्या गुळगुळीत सरकीचा कापूस होत असे. त्याची सरकी दोन रुळांच्या चरखीतून सहज सुटायची, पण तो कापूस किनाऱ्याची हवा सोडून आत रुजेना. आतल्या उंच जमिनीवर जो कापूस होई त्याचा धागा आखूड आणि सरकी हिरवट, लवदार. रुई त्या सरकीला अशी बिलगलेली असे की हाताने सोडवणाऱ्या माणसाच्या पदरी दिवसाअखेर जेमतेम पौंडभर स्वच्छ रुई पडे. म्हणजे जमीन होती, पिकाला मानवणारी हवा होती, इंग्लंडच्या गिरण्या कापूस मागत होत्या आणि सगळे अडत होते ते सरकीपाशी.

व्हिटनी मॅसॅच्युसेट्सचा होता. १७९२ मध्ये येल कॉलेजातून बाहेर पडल्यावर शिकवणीची नोकरी मिळेल म्हणून तो दक्षिणेत गेला आणि सवाना शहराजवळच्या मलबेरी ग्रोव्ह या मळ्यावर पाहुणा म्हणून राहिला. स्वातंत्र्ययुद्धातले सेनानी नॅथॅनियल ग्रीन यांच्या विधवा पत्नी कॅथरीन ग्रीन या मळ्याच्या मालकीण होत्या आणि फिनियस मिलर व्यवस्थापक. तिथे १७९३ मध्ये त्याचे यंत्र उभे राहिले आणि १४ मार्च १७९४ रोजी त्याला पेटंट मिळाले. हाताने फिरवायच्या लहान यंत्रावर एक माणूस दिवसाला ५० पौंड रुई काढू लागला. एकाचे पन्नास झाले, आणि बहुतेक ठिकाणी गोष्ट इथेच संपवतात.

माझ्या मते खरी गोष्ट इथून सुरू होते, आणि ती समजण्यासाठी थोडे त्रैराशिक करावे लागते. वेचलेल्या कापसात तीन भागांतला एक भाग रुई असते, उरलेले दोन भाग सरकी. जुन्या काळच्या वेचणीला दिवसाचे ६० पौंड धरले, तरी त्यातून २० पौंड रुई निघणार. हाताने ती सोडवायची तर एकाच्या एका दिवसाच्या वेचणीमागे एकाचे वीस दिवस जाणार. अशा परिस्थितीत कोणी शंभर एकर कापूस पेरणार नाही, कारण घरी आणलेला माल पुढच्या पेरणीपर्यंत पडून राहील. आता याच्या उलट हिशेब करा. पुढच्या काळात खेचरांच्या फेऱ्यांवर चालणारी मोठी जिने आली. अशा एका जिनातून दिवसाला ४०० पौंडांच्या तीन गासड्या निघाल्या असे धरले, तर त्याच्या तोंडी ३,६०० पौंड वेचलेला कापूस द्यावा लागतो. सराईत माणसाने २०० पौंड वेचला तरी ही अठरा जणांची दिवसभराची वेचणी झाली, आणि जिनावर मात्र दोन-तीन माणसे पुरत. जे काम महिनोन्महिने अडून राहायचे ते आता चुटकीसरशी होऊ लागले आणि सगळा ताण वेचणीवर जाऊन बसला. बोंडातून कापूस काढणारे यंत्र कोणाजवळ नव्हते आणि पुढची दीडशे वर्षे कोणाला नीट जमलेही नाही. जिन जितके वेगाने फिरे तितके जास्त हात शेतात लागत, आणि ते हात विकत मिळत होते.

१ जानेवारी १८०८ पासून आफ्रिकेतून गुलाम आणण्यास कायद्याने बंदी झाली, तेव्हा हे हात देशातच शोधले गेले. व्हर्जिनिया आणि मेरीलँडमध्ये तंबाखूने जमिनी थकल्या होत्या आणि तिथल्या मालकांना गुलाम विकणे शेतीपेक्षा किफायतशीर वाटू लागले. १८६१ मध्ये पेटलेल्या अमेरिकी यादवी युद्धापूर्वीच्या सत्तर वर्षांत सुमारे १० लाख माणसे जुन्या राज्यांतून अलाबामा, मिसिसिपी, लुइझियानाकडे नेली गेली. कोणी बोटीतून गेले, अनेकजण साखळदंडात बांधलेल्या रांगांतून शेकडो मैल चालत गेले. न्यू ऑर्लीन्सच्या बाजारात धडधाकट तरुणाची किंमत १८०० च्या सुमारास ५०० डॉलर होती, ती युद्धाच्या तोंडावर १,८०० डॉलरच्या आसपास गेली.

प्रतिसाद: दातेरी_चाक

लेख उत्तम आहे. यंत्राच्या रचनेबद्दल थोडी भर घालतो, कारण त्या रचनेतच पुढच्या भांडणाचे बीज आहे.

व्हिटनीच्या जिनात एका लाकडी रुळावर तारेचे दात ओळीने ठोकलेले होते. हा रूळ एका जाळीला चिकटून फिरे. जाळीच्या फटी इतक्या अरुंद की दातांत अडकलेली रुई पलीकडे ओढली जाई आणि सरकी अलीकडेच राहून खाली पडे. पलीकडे कुंचल्यांचा दुसरा रूळ उलट्या दिशेने आणि अधिक वेगाने फिरून दातांवरची रुई झाडून घेई. हा दुसरा रूळ नसता तर पहिल्याचे दात चार फेऱ्यांत रुईने बुजले असते. कुंचल्याची कल्पना कॅथरीन ग्रीन यांची होती अशी आख्यायिका आहे. तिला भक्कम पुरावा नाही.

रचना इतकी साधी होती की गावचा लोहार आणि सुतार मिळून आठवड्यात नक्कल उभी करत. त्यातच व्हिटनी आणि मिलर यांनी यंत्रे विकायची नाहीत, आपणच सरकी काढून द्यायची आणि मोबदला म्हणून पाचातले दोन भाग रुई ठेवून घ्यायची, असे ठरवले. आपल्याकडे दळणाला गेलेल्या बाईकडून गिरणीवाल्याने निम्मे पीठ मागावे, तसे हे झाले. मळेवाल्यांनी सर्रास नकला केल्या. १७९६ मध्ये हॉजेन होम्सने तारांऐवजी गोल करवतीच्या पात्यांचे पेटंट घेतले आणि टिकली ती हीच पद्धत. व्हिटनीच्या पेटंटवर न्यायालयाने शिक्कामोर्तब केले ते १८०७ मध्ये, म्हणजे मुदत संपत आल्यावर. साउथ कॅरोलायना राज्याने ५० हजार डॉलर देऊन हक्क विकत घेतले, तरी एवढ्या गाजलेल्या यंत्राने शोधकर्त्याला श्रीमंत केले नाही. पेटंट धाब्यावर बसल्यामुळे जिन मात्र गावोगाव पोचले.

प्रतिसाद: शंकेखोर

मांडणी आवडली, पण दोन ठिकाणी अडखळलो.

पहिली गोष्ट अशी की, या विषयावरच्या चर्चेत "गुलामगिरी तेव्हा मरायला टेकली होती, जिनाने तिला जीवदान दिले" असे एक वाक्य हटकून येते. आपण ते लिहिलेले नाही, पण लेखाचा रोख तिकडे झुकतो. व्हर्जिनियातल्या काही जमीनदारांना तसे वाटतही असेल. परंतु साउथ कॅरोलायनाने बंदी येण्यापूर्वी आफ्रिकेचा व्यापार मुद्दाम पुन्हा खुला केला आणि १८०४ ते १८०७ या चार वर्षांत चार्ल्सटन बंदरात सुमारे ४० हजार माणसे उतरवली. तिथली भातशेतीही गुलामांवरच चालत होती आणि ती तोट्यात नव्हती. मरायला टेकलेली व्यवस्था अशी घाईघाईने भरती करत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. सगळे यंत्राच्या माथी मारले की माणसे नामानिराळी राहतात. जमीन कुठून आली? १८१४ च्या तहाने क्रीक लोकांकडून २ कोटी एकरांहून जास्त प्रदेश काढून घेतला गेला. १८३० मध्ये आदिवासींना मिसिसिपीपलीकडे हलवण्याचा कायदा झाला. चॉक्टॉ, क्रीक, चिकसॉ आणि चेरोकी यांना हाकलून मोकळी केलेली जमीन पुढे कापसाखाली गेली. चेरोकींची १८३८ मधली पायपीट, जिच्यात हजारो माणसे वाटेत मेली, ती कोणत्या चाकाने घडवली नाही. फौजा, कायदे आणि लिव्हरपूल-न्यूयॉर्कची कर्जे यांच्याशिवाय जिन म्हणजे खोलीच्या कोपऱ्यातली एक पेटी.

प्रतिसाद: विलंबित

शंकेखोर, आपला पहिला मुद्दा पूर्ण मान्य आहे. दुसराही बहुतांशी मान्य आहे, पण "कोपऱ्यातली पेटी" म्हणण्यास माझी हरकत आहे. हीच फौज आणि हीच कर्जे १७९० मध्येही उभी करता आली असती, पण सरकीच सुटत नसल्यामुळे अलाबामाच्या काळ्या जमिनीला तेव्हा कोणी हे मोल दिले नसते. जिनाने लोभ निर्माण केला नाही. त्याला पाय पसरायला जागा मात्र करून दिली.

खुद्द कामाचे स्वरूप कसे बदलले, हे मूळ लेखात राहून गेले होते. किनाऱ्यावरच्या भातशेतीत आणि लांब धाग्याच्या कापसात नेमून दिलेल्या कामाची रीत होती. ठरावीक तुकडा खणून किंवा निंदून झाला की उरलेली वेळ गुलामाची स्वतःची असे. त्या वेळेत तो परसात भाजी लावी, मासे धरी. वरच्या जमिनीवरच्या कापसात ही रीत मागे पडली आणि टोळीने काम सुरू झाले. एप्रिलमध्ये पेरणी, उन्हाळाभर ओळीने चालत खुरपणी आणि विरळणी, ऑगस्टअखेरीपासून थेट जानेवारीपर्यंत वेचणी. उजाडल्यापासून दिसेनासे होईपर्यंत सगळे एका चालीने, मागे घोड्यावर मुकादम. बायका पुरुषांइतक्याच, पुष्कळदा पुरुषांहून सरस वेचत. मुलांना आणि म्हाताऱ्यांना वहीत पाव हात, अर्धा हात असे मांडलेले असे. माणसाला "हात" म्हणून मोजण्याचा हा हिशेब त्या वह्यांतून वाचताना अंगावर येतो.

आणि जिनाचा माणसांशी रोजचा संबंध यायचा तो सरकी काढण्यापेक्षाही वजनाच्या निमित्ताने. सॉलोमन नॉर्थप हा न्यूयॉर्कचा स्वतंत्र कृष्णवर्णीय नागरिक १८४१ मध्ये फसवून पळवला गेला आणि लुइझियानाच्या मळ्यांवर विकला गेला. बारा वर्षांनी सुटल्यावर त्याने जे सांगितले, त्यात जिनघराचे चित्र आहे. दिवसभर वेचलेल्या टोपल्या अंधार पडल्यावर जिनघरात नेऊन तोलल्या जात. सामान्य हाताला दिवसाचे २०० पौंड ठरलेले असत. कमी भरले तर चाबूक. दहा-वीस पौंड जास्त भरले तर उद्यापासून तेवढेच वाढीव मोजमाप गळ्यात. त्यामुळे दमलेला माणूस टोपली घेऊन जिनघराकडे जाताना आपले वजन कमी भरेल म्हणून भ्यायचा, आणि फार भरू नये म्हणूनही जपायचा. त्या यंत्राची भूक आणि माणसाची पाठ एकमेकांना भेटत होती ती त्या तराजूपाशी.

प्रतिसाद: पऱ्हाटी

मी यवतमाळ जिल्ह्यातली आहे. घरी कापूस आहे, त्यामुळे हा धागा वाचताना हात आपोआप कोठीकडे गेला. मूठभर कापूस घेऊन नखांनी सरकी सोडवून पाहिली. देशी कापसाची सरकी त्यातल्या त्यात लवकर सुटते. पण हल्ली आमच्याकडे सगळीकडे जो कापूस आहे, तो मूळच्या अमेरिकी जातीचा. त्याच्या सरकीवर बारीक लव असते आणि धागा ओढला की तो तुटून अर्धा सरकीलाच राहतो. अर्ध्या तासात वाटीभरही रुई झाली नाही, आणि बोटांची टोके मात्र चुरचुरू लागली. दिवसाला एक पौंड ही गोष्ट मला अगदी पटली.

वेचणीबद्दल एक सांगते. बोंड उमलले की त्याच्या पाकळ्या वाळून काट्यासारख्या टणक होतात, आणि पाचही बोटे आत घालून एका हिसक्यात कापूस काढता आला नाही तर नखाच्या बाजूला चिरा पडतात. पहिल्या वेच्याला बोंडे भरलेली असल्याने हात चालतो, तिसऱ्या वेच्याला तितकेच वाकून निम्मा कापूस मिळतो. म्हणून रोज २०० पौंड, म्हणजे आपले ९० किलो, हा आकडा वाचून मी थबकले. आमच्याकडे चांगली वेचणारी बाईसुद्धा रोज एवढा कापूस घरी आणत नाही.

आमच्या वावराच्या बांधावरही संध्याकाळी काट्याला गाठोडे लटकवून किलोमागे वेचाईचा हिशेब होतो. तरीही ही दोन वजने एका पारड्यात घालू नयेत, असे मला वाटते. दर पटला नाही तर आमच्याकडची बाई उद्या दुसऱ्याच्या वावरात जाते. तिथे उद्या कुठेही जायची सोय नव्हती.

प्रतिसाद: दूरदेशी

पऱ्हाटीताई, आपण ज्या आकड्यापाशी थबकलात, तिथेच आर्थिक इतिहास लिहिणाऱ्यांमध्येही मोठा वाद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून युद्धापर्यंत माणशी रोजची वेचणी सुमारे चौपट झाली, हे मळ्यांच्या वह्यांवरून दिसते. कशामुळे, यावर दोन मते आहेत. एक पक्ष बियाण्याला श्रेय देतो. मेक्सिकोतून आलेल्या वाणापासून मिसिसिपीत पेटिट गल्फ नावाचे बियाणे तयार झाले. त्याची बोंडे मोठी, पुरती उमलणारी, म्हणून हाताला सोपी होती. दुसरा पक्ष म्हणतो की रोजचे वजन, वही आणि चाबूक यांच्या धाकाने माणसांकडून हा वेग पिळून काढला. मला वाटते, बियाण्यामुळे वेग शक्य झाला हे खरे, पण त्या वाढीव वेगाचा फायदा कोणाला मिळावा हे चाबकाने ठरवले. वाण सुधारले म्हणून कोणाचा दिवस दुपारी संपला नाही.

मी जॉर्जियात राहतो. इथे व्हिटनीच्या नावाची पाटी, शाळेतला धडा वगैरे सगळे आहे. गुलामांनी या यंत्रात काय भर घातली, याची नोंद मात्र सापडत नाही, आणि ती का सापडत नाही याचे एक कारण कायद्यात आहे. मिसिसिपीतल्या ऑस्कर स्टुअर्ट या मळेवाल्याच्या नेड नावाच्या गुलाम लोहाराने कापसाच्या ओळी एकाच वेळी दोन्ही बाजूंनी खरवडणारे अवजार तयार केले. स्टुअर्टने १८५७ मध्ये पेटंट स्वतःच्या नावावर मागितले. गुलामाच्या श्रमाचे फळ मालकाचे, मग त्याच्या बुद्धीचे का नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. १८५८ मध्ये अमेरिकेच्या महाधिवक्त्याने निर्वाळा दिला की गुलाम नागरिक नसल्याने तो पेटंटची शपथ घेऊ शकत नाही, आणि मालकाने ते शोधलेले नाही म्हणून त्यालाही मिळणार नाही. स्टुअर्टने ते अवजार तरीही विकले. नेडला त्यातून काही मिळण्याचा प्रश्नच नव्हता. त्याच वर्षी मार्चमध्ये सिनेटर जेम्स हॅमंडने सिनेटमध्ये "कापूस हाच राजा" अशी गर्जना केली होती. देशाच्या निर्यातीत निम्म्याहून अधिक किंमत तेव्हा कापसाची होती, आणि इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा सुमारे चार-पंचमांश हिस्सा इथून जाई.

प्रतिसाद: शंकेखोर

हे करवतीचे जिन आपल्याकडे आले होते का? आणि वेचणीचे यंत्र शेवटी कधी जमले?

प्रतिसाद: दातेरी_चाक

आले होते. १८४० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने अमेरिकेतून काही मळेवाले आणि त्यांची जिने मागवली. तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या धारवाडला तो प्रयोग काही प्रमाणात टिकला आणि तिथली "करवती" रुई बाजारात त्याच नावाने विकली जाई. एरवी आपल्या आखूड धाग्याला करवतीचे दात कापून काढत. म्हणून १८६१ नंतर अमेरिकी युद्धामुळे वऱ्हाडच्या कापसाला अचानक भाव आला आणि पुढे खामगाव, अमरावती, हिंगणघाटला वाफेची जिने उभी राहिली, तेव्हा पसंती मिळाली ती चामड्याच्या रुळांच्या मॅकार्थी पद्धतीला. तिचे पेटंटही अमेरिकेतलेच, १८४० चे. आजही आपल्या बहुतेक जिनिंगमध्ये दोन रुळांची यंत्रेच दिसतात.

वेचणीच्या यंत्राला मात्र फार वाट पाहावी लागली. २ ऑक्टोबर १९४४ रोजी मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलजवळ हॉप्सन मळ्यावर आठ लाल यंत्रे लोकांसमोर शेतात उतरवली गेली. मळ्याच्या हिशेबानुसार गासडीमागे वेचणीचा खर्च हाताने सुमारे ३९ डॉलर आणि यंत्राने ५ डॉलरच्या थोडा वर आला. त्यानंतरच्या पंचवीस-तीस वर्षांत दक्षिणेच्या कापसातून हात खरोखर कमी झाले. जे लोक अर्धेलीने तिथे राबत होते त्यांना मालकांनी जमिनीवरून उठवले, आणि गुलामांची नातवंडे-पतवंडे शिकागोच्या गाडीत बसली.

प्रतिसाद: पऱ्हाटी

आमच्याकडे वेचणी अजून हातानेच आहे. दिवाळीनंतरच्या वेच्याला यंदाही बाया मिळेनात, म्हणून शेजारच्या तालुक्यातून गाडी करून आणाव्या लागल्या.